करवलीची जागा

विजू,

काल तुझं कपाट उघडलं. शेजारच्या कदमकाकूंची सून मदतीला होती. वरच्या कप्प्यातून मी दर दिवाळीला दिलेले पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज निघाले, दुकानाच्या पिशव्यांसकट. एकाचीही घडी मोडलेली नाही. सून म्हणाली, "ताई, हे तर नवेकोरे आहेत हो सगळे. कुणाला द्यायचे?" मी म्हटलं, दे कुणालाही. तिला काय सांगणार? दर दिवाळीला मी तुला एक विनंतीच शिवून आणत होते, हात झाक गं बाई. तू थँक्यू म्हणून पिशवी घ्यायचीस आणि अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालून माझ्यासमोर चहा प्यायला बसायचीस.

परवा तुझं तेरावं झालं. आलेला प्रत्येक जण "बिचारीनं फार सोसलं" म्हणून गेला. हा शब्द कुणी वापरला की तू काय करायचीस ते मला आठवत होतं. "बिचारी कोण? माझं नाव विजया," असं तोंडावर म्हणायचीस. परवा तुझ्या वतीनं ते म्हणायला कुणी नव्हतं. मीही म्हटलं नाही. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी तू नववीत होतीस, मी विशीत. डिलाईल रोडच्या आपल्या खोलीत आईची खानावळ. बाबा गिरणीत कापडाचे साचे चालवायचे आणि त्यांच्याच खात्यातले, बायकापोरं गावाला ठेवून आलेले गडी दोन्ही वेळा आपल्याकडे जेवायचे. भिंतीला पाठ लावून पंगत बसायची. आई चुलीपाशी, मी भाकऱ्या थापायला, वाढायला तू. वाढणं तुझं राज्य होतं. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला बांगड्याचं शेपूटच लागतं, सगळं तुला पाठ. बापू नावाचे एक थकलेले गृहस्थ होते, ते "विजू, जरासो रस्सो घाल गो" म्हणाले की तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस, "बापू, आधी ती भाकरी संपवा. रस्सा काय नळाला येतो?" सगळी पंगत हसायची.

संप लांबला तशी पंगत आखडली. बरेच जण गावी गेले. जे राहिले त्यांच्यावरच आपलं घर चालत होतं. बाबा दिवसभर गॅलरीत उकिडवे बसून बंद भोंग्याकडे बघायचे. त्याच दिवसांत तुझ्या ओठाच्या कोपऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग आला. मग बोटांच्या पेरांवर. कुणी म्हणालं जंत झालेत, कुणी म्हणालं शिबं आहे, जाईल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "कोड" म्हटलं. आपल्या घरात तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. "विजूचं ते" एवढंच म्हणायचो आपण.

नळावरच्या बायकांनी आईला धरलं. "माश्यार दूध दिलंस काय गो चेडवाक?" संपात दूध कुठलं? आपला चहासुद्धा कोरा होत होता. पण आई म्हणाली, "दिला असात कधीतरी." भांडली नाही. दोष समोर पडलेला दिसला की उचलून पदरात बांधायची तिची रीत होती. त्या दिवसापासून तुझे मासे बंद. तव्यावर बांगडे चुरचुरायचे आणि तू कोपऱ्यात वरणभात कालवायचीस.

मग तो दिवस. तू आमटीची पळी घेऊन वाकलीस आणि बापूंनी ताटावर हात आडवा धरला. "नको पोरी, पोट भरला." ताटात अर्धी भाकरी तशीच होती. जाताना त्यांनी आईला दाराआड गाठलं. "वहिनी, माका काय नाय. पण बाकीचे बोलतत. चेडवाक जरा आत ठेव." आईनं तुला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळच्या पंगतीला पळी तुझ्या हातातून मी घेतली. "दे गं, मी वाढते, तू भांडी बघ." किती सहज म्हणाले! तू माझ्याकडे पाहिलंस, मोरीत गेलीस आणि भांडी दणादण घासायला लागलीस.

तेव्हापासून तू बदलत गेलीस ते मी रोज बघत होते. तू हसताना ओठावर हात न्यायला लागलीस. मग लक्षात आलं की तो हातच दिसतो. मग हसणंच आवरलंस. शाळेत पहिल्या बाकावरून मागच्या बाकावर गेलीस. आरशापुढे उभी राहायचीस ती भांग पाडायला नाही, डाग कालच्यापेक्षा मोठा झालाय का ते बघायला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आपण कशा दिसतो ते शोधत असतात. तुला ते शोधायची सोयच राहिली नव्हती. समोरच्याची नजर ओठावर कधी जाते आणि कधी हटते, यावरून तुला तू कळत होतीस.

दुपारी गच्चीवर मी तुला बावचीचं तेल लावायचे आणि तू उन्हात बसायचीस. कातडीवर फोड यायचे. एकदा फुंकर मारत होते तर म्हणालीस, "ताई, अख्खीच पांढरी झाले तर बरं ना? कुणाला कळणारच नाही. लोकांना वाटेल, खानावळवालीच्या घरी कोकणस्थ कुठून आली!" आपण दोघी पोट धरून हसलो. तू त्या दिवशी तोंडावर हात नेला नव्हतास.

माझं स्थळ आलं ते गिरगावचं. मुलगा बँकेत, घरात चार शिकलेली माणसं. खरं सांगते, मुलगा मला आवडला वगैरे नंतरची गोष्ट. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. बाबांच्या गप्प बसण्यातून, बंद गिरणीच्या भिंतीपासून, आणि हो, तुझ्यापासूनही. 

पाहुणे बघायला येणार त्या दिवशी तूच आपणहून म्हणालीस, "मी कदमकाकूंकडे बसते. तुझं ठरू दे." कदमकाकू म्हणजे आपल्या भिंतीपलीकडच्या. "पण एक अट आहे. लग्नात करवली मी. तुझ्या पाठी करा घेऊन मीच उभी राहणार."

"तूच गं. मला दुसरी बहीण आहे कुठे?"

"नंतर टांग मारायची नाही हां."

"नाही मारत बाई."

पाहुण्यांनी विचारलं, धाकटी दिसत नाही? आई म्हणाली, मामाकडे गेलीये. त्या लोकांनी जाता जाता खालच्या मजल्यावरही चौकशी केली. सगळ्यांनी सांगितलं, घर चांगलं, मुलगी गुणाची. नळावर एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी काढणाऱ्या त्या बायका. मुलीचं लग्न म्हटल्यावर अख्खी चाळ मुकी झाली. तेव्हा मला ती माया वाटली. मायाच होती ती. तुला भिंतीआड ठेवून केलेली.

मग तू सराव सुरू केलास. तांब्यात पाणी, वर नारळ, आणि मी नळावरून येताना माझ्या मागे मागे. "हळू चाल गं, नवरी आहेस की पोस्टमन? करा हिंदकळतोय." बाबा त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

लग्नाला काहीच दिवस उरले तेव्हा डाग तुझ्या मानेवर उतरला होता आणि एका डोळ्याभोवती फिरत होता. दुपारची वेळ. तू शाळेत होतीस. आई पीठ मळत होती. मी म्हटलं, "विजूला हॉलवर आणू नकोस."

आईचे हात थांबले. "म्हंजे?"

"त्यांची सगळी माणसं असणार. अक्षता पडेपर्यंत तरी नको."

"आणि करवली?"

"मामाची सुधा उभी राहील."

"मग तूच सांग तिका."

"मी कशी सांगू? तू सांग ना. तुझं ऐकेल ती."

आई पिठाकडे बघत म्हणाली, "माझा ऐकतला, आणि रागवतला पण माझ्यावरच. असाच ना गो?"

मी बोलले नाही. आईला तेवढं पुरलं. ती पुन्हा पीठ मळायला लागली.

संध्याकाळी तिनं तुला सांगितलं. तू जे किंचाळलीस ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. "तुला माझी लाज वाटते! तुझ्यामुळेच झालंय हे, दूध पाजलंस म्हणून झालंय!" आई म्हणाली, "होय." एवढंच. मग तू माझ्याकडे आलीस, मांडीत डोकं खुपसलंस. "ताई, तू सांग ना तिला. तुझं लग्न आहे, तुझं ऐकेल."

विजू, मी तुझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. आई जुन्या वळणाची. लोकांना घाबरते. माझ्या हातात असतं तर मी तुलाच उभी केली असती."

तुला हॉलवर न नेणं हे भित्र्या मुलीनं केलेलं काम होतं, असं मी अजूनही स्वतःला समजावू शकते. हे वाक्य मात्र कशातच बसत नाही. ते म्हणायची गरजच नव्हती. गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण मला लग्नही हवं होतं आणि तुझी लाडकी ताईही राहायचं होतं.

दादरच्या हॉलवर माझ्या पाठीमागे सुधा उभी राहिली. सगळी चाळ नटूनथटून आली होती. तू मागे चाळीत राहून कदमकाकूंचं नातवंड सांभाळत होतीस.

सासरी वर्षभरात सगळं कळलंच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी सांगितलं असतंत तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?" म्हणाल्या असत्या की नसत्या, देव जाणे. लग्न झाल्यावर असं म्हणायला काही लागत नाही. पण ते वाक्य मला आजवर टोचतंय. समजा, खरंच नाही म्हणाल्या नसत्या तर?

त्या संध्याकाळनंतर तू आईला आई म्हणाली नाहीस. बाबा गेले, गिरण्या पडल्या, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तुम्ही दोघी त्याच खोलीत. फोनवर मला सांगायचीस, "ही आज जेवली नाही", "हिला डोळ्यांचं दाखवून आणलं". ही. तिची औषधं, तिची अंघोळ, तिच्या गुडघ्यांना तेल, सगळं केलंस. तो एक शब्द तेवढा दिला नाहीस. आणि आई मला कधी त्याबद्दल बोलली नाही. गिरगावहून आले की माझ्यासाठी सोलकढी काढून ठेवलेली असायची.

तू मात्र हळूहळू उघड्यावर आलीस. चिंचपोकळीच्या त्या बालवाडीत लागलीस तेव्हा मला धास्ती वाटली होती, मुलं घाबरतील म्हणून. मुलं तुझ्या हातावर बोट ठेवून विचारायची, "बाई, इथला रंग कुणी पुसला?" तू म्हणायचीस, "मीच. चुकलेलं चित्र होतं, खोडलं." मग ती तुझ्या कोपरावर बेडूक शोधायची, मनगटावर होडी. एक बाप मात्र मुलाचं नाव काढायला आला, लागेल म्हणाला. तू त्याला खुर्ची दिलीस. "बसा हो. लागायचं असतं तर माझ्या ताईला आधी लागलं असतं. एका ताटात जेवलोय आम्ही. ती बघा गिरगावात कशी गोरीगोमटी नांदतेय." हे तू मला हसत हसत सांगितलंस. मी हसले नाही, तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

माझी लेक लहान असताना तिला न्हाऊ घालायच्या निमित्तानं मी तिचं अंग तपासायचे. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. एकदा तू दारात उभी होतीस. "काय शोधतेस ताई? मी सापडले का?" असं म्हणालीस आणि टॉवेल पुढे केलास. चिडली नाहीस. माझ्यावर तू कधीच चिडली नाहीस. सगळा राग तू दुसरीकडे नेऊन ठेवला होतास, मी दाखवलेल्या पत्त्यावर.

आईचं शेवटचं दुखणं होतं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "मी विजूला सांगून टाकते." तिनं डोळेही उघडले नाहीत. "आता सांगान काय करतलंस? तिका एकच माणूस हा, तू. ता पण काढून घेतलंस तर माझ्या मागे तिच्याकडे कोण बघतला?" तिच्यासाठी हा हिशोब बरोबर होता. मला तो सोयीचा होता. आई गेल्यावर तर मी त्याला आईची शेवटची इच्छा असंच म्हणायला लागले. तिच्याच नावामागे पुन्हा लपले. तिला तू अग्नी दिलास, भटजी कुरकुरले तरी दिलास, आणि तेव्हाही हाक मारली नाहीस.

आणि आता तू. परळच्या इस्पितळात मी रोज यायचे. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तू स्वच्छ शुद्धीत होतीस. म्हणालीस, "ताई, एक करशील? माझा फोटो तिच्या शेजारी लावू नकोस."

"असं काय बोलतेस?"

"तिनं मला तुझ्या पाठी उभं राहू दिलं नाही. मी तिच्या शेजारी कशाला राहू? बाकी माझं काही म्हणणं नाही."

विजू, तेव्हा नर्स आली नाही. कुणी मध्ये बोललं नाही. तुला झोप लागली नाही. तू माझ्याकडे बघत होतीस आणि माझ्याजवळ हवा तेवढा वेळ होता. मी "बरं" म्हटलं आणि मोसंबं सोलायला घेतलं.

तुझा हाराचा फोटो करायला लालबागच्या स्टुडिओत दिला होता. आणायला गेले तर मुलानं कौतुकानं पुढे केला, "बघा काकी, एकदम क्लीन केलाय." सगळे डाग काढले होते. ओठ, मान, डोळ्याभोवतीचं ते वर्तुळ, सगळं सारख्या गव्हाळ रंगात बुजवलं होतं. मी बघत राहिले. ती तू नव्हतीस. ती मी होते, थोडी बारीक झालेली. डाग पुसले की आपण दोघी इतक्या सारख्या दिसतो हे मला जन्मात कळलं नव्हतं. मी म्हटलं, "होते तसे परत आण." तो म्हणाला, "काकी, लोक पैसे देऊन काढून घेतात हो." मी म्हटलं, "ही घेत नव्हती."

परवा तेराव्याला पंगत उठल्यावर खोलीत चाळीतल्या जुन्या बायका तेवढ्या उरल्या. कदमकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आता त्यांना नीट दिसत नाही. कुणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं, आईनं तेव्हा पोरीचं मन मोडलं ते मोडलंच. आणि मी बोलले. सगळ्यांदेखत बोलले. "आईनं नाही. विजूला हॉलवर आणू नको असं मी सांगितलं होतं. आईनं ते आपल्या अंगावर घेतलं."

मला वाटलं होतं, गलका होईल. कुणी शिव्या घालेल. माझी तयारी होती, कदाचित इच्छाही असेल. कदमकाकू म्हणाल्या, "म्हायत हा गो."

"काय माहीत आहे?"

"तू नि आवस बोलत होतात तेव्हा मी भायर तांदूळ निवडत होतंय. आपल्या चाळीच्या भिंती त्या कसल्या? सगळ्यांका म्हायत होता."

मी इतर बायकांकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही.

"मग तिला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगतलों कसा? तुझो संसार होतो मधी."

"आणि नंतर, काकू? इतकी वर्षं?"

"नंतर?" त्या माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "नंतर तू सांगशील म्हणान गप रवलों."

म्हणजे मी राखलेलं गुपित गुपित नव्हतंच. नळावर, जिन्यात, प्रत्येक दारात ते माहीत होतं. तू सकाळी बालवाडीत जायला निघायचीस तेव्हा तुला वाट देणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. पहिल्यांदा चाळ गप्प राहिली ती माझ्या लग्नासाठी, आणि पुढे माझ्या जिभेची वाट बघत. अख्ख्या इमारतीत एकट्या तुला ठाऊक नव्हतं.

मी तुझा फोटो आईच्या शेजारी लावला नाही. फार वाटलं लावावा. तुझा राग खोट्यावर उभा होता, मग त्याची अट का पाळायची, असंही वाटलं. पण तुझी जागा कुठे हे मी एकदा ठरवलंय, पुन्हा ठरवायचा मला हक्क नाही. आई त्या खोलीत एकटी आहे. तुला मी गिरगावला घेऊन आले, माझ्या घरी, डागांसकट. जाता-येता तू दिसतेस. ओठावर हात न नेता, तोंडभरून हसतेयस. समोर बघून हसतेयस. तो फोटो बालवाडीच्या दारात मीच काढला होता, विजू. तू माझ्याकडे बघून हसत होतीस.